शिट्टी वाजली का?

मिलच्या साचाखात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जातं तिथे, मी अठरा वर्षं काढली. शेकडो मागांच्या खडखडाटात कोण कोणाशी बोलणार? सगळा कारभार खुणांवर. हात वर म्हणजे थांब, दोन्ही तळवे एकमेकांवर आडवे म्हणजे माग बंद. मिलच्या फुटबॉल संघाला मी शिकवू लागलो तेव्हा सरावही याच खुणांवर बसवला. बाहेरचे कोच घसा फोडायचे, आमचं मैदान मुकं. याचा मला भारी माज होता. घरी मात्र बायको म्हणायची, तुम्ही बोलत नाही, ओरडता. कोचचा आवाज असाच असतो, असं मी तिला सुनवायचो.

मग इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आमच्याही फाटकाला कुलूप लागलं. आमचा स्टॉपर, गोलसमोर बचाव करणारा, माझ्याच शेजारच्या मागावर होता. घरी बायको, दोन पोरी. एका सरकारी खात्याच्या संघात एकच जागा निघाली. निवड झाली की पक्की नोकरी. वयाच्या अटीत बसायचं त्याचं ते शेवटचं वर्ष होतं.

चाचणी नऊ दिवसांवर आली. तिथे परका पंच असणार म्हणून मी पहिल्यांदाच सरावाला शिट्टी आणली. शिट्टी झाली की गर्रकन वळायचं आणि मागून आलेला चेंडू अडवायचा. सगळे वळले, हा तसाच पाठमोरा. पुन्हा वाजवली, पुन्हा तेच. माझं टाळकं सरकलं. दंडाला धरून त्याला फिरवलं.

"झोपलास का रे?"

त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं. "भिया, सीटी वाजली का?"

याला ऐकूच येत नव्हतं; सामन्यांत शिट्टीनंतरही हा धावायचा, त्याला मी जोश समजायचो. सहा वर्षं याला शिकवत होतो, आणि दिव्याखाली अंधार!

"आणि नोकरीआधीच्या मेडिकल तपासणीचं काय करशील?"

"ते नंतर बघू ना भिया. पहले सिलेक्शन तो हो जाए."

सरावाच्या वहीतलं पान मी टराटरा फाडलं. नवा सराव आखला. लहान चौकोन, पाच-पाच खेळाडू, आणि मी वाटेल तेव्हा शिट्टी मारणार. त्यानं माणसं वाचायची. शिट्टी झाली की धावणाऱ्याचे खांदे सैल पडतात, गोलकीपरचे हात खाली येतात. चेंडू एकदा बघ, माणसं दोनदा बघ, एवढंच मी घोकत होतो. बाकीचे वैतागले, पण त्याच्यासाठी मुकाट्यानं खेळले. पहिल्या दिवशी शिट्टीनंतर तो चार पावलं धावला. आठव्या दिवशी एकच. एका पावलाला कुठला पंच काही म्हणत नाही.

चाचणीच्या दिवशी मला चहासुद्धा गेला नाही. उत्तरार्धात तो एकाच्या पायात घुसणार, इतक्यात समोरच्यांचे खांदे पडले. यानं पाय आवरला. मी डोळे मिटून श्वास सोडला. इतका सुंदर तो मिलसाठीही कधी खेळला नव्हता.

सामना संपला. तो नळावर डोकं भिजवत होता, आमच्याकडे पाठ करून. मीही निवड समितीच्या टेबलाकडे पाठ करून त्याच्याकडेच बघत उभा, कौतुकानं. थोड्या वेळानं लक्षात आलं, चाचणीला आलेली सगळी पोरं माझ्या मागे बघतायत. मग नळाकडे. मग पुन्हा माझ्या मागे. माणसं वाच, असं आठ दिवस मीच शिकवत होतो; मला वाचायला उशीर झाला.

वळलो तेव्हा समितीचे साहेब कागदावर त्याच्या नंबरावर रेघ मारत होते. मी धावलो.

"साहब, वो मेरा लड़का है."

ते काहीतरी बोलले.

"जी?"

पुन्हा बोलले. मी कान पुढे केला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि ओठ मोठे करून, सावकाश म्हणाले, "चार बार नंबर पुकारा. तुम दोनों में से एक ने भी नहीं सुना. मेडिकल में तो पहले ही दिन पकड़ा जाएगा."

मी हात जोडले. त्यांनी पुढचा नंबर पुकारला असावा, कारण एक पोरगा उड्या मारत टेबलाकडे आला.

नळाजवळून तो माझ्याकडे बघत होता. केसांतून पाणी गळत होतं. त्यानं तळहात उलटा करून विचारलं, काय झालं?

मी दोन्ही तळवे एकमेकांवर आडवे ठेवले. त्याला लगेच कळलं.