राजाबरोबर जेवलो, तेही दोनदा

या सगळ्याला माझी जाऊ जबाबदार आहे. ती फ्लोरिडाला असते. गेल्या दिवाळीत तिने एक फोटो पाठवला. त्यात तिची मुलगी एका थीम पार्कमध्ये फरच्या अवाढव्य अस्वलाच्या मांडीवर बसून नाश्ता करते आहे. अस्वलाच्या आत अर्थातच माणूस असतो. तो टेबलाटेबलांवरून फिरतो, पोरांना मिठ्या मारतो, आणि त्या मिठ्यांपायी तिथले लोक नाश्त्याचे चौपट पैसे आनंदाने मोजतात. माझ्या सईने, वय वर्षं सात, तो फोटो फ्रिजवर चिकटवला आणि दूध काढायला गेलं की मला विचारायला लागली, "आपलं अस्वल कधी?"

फ्लोरिडाला जायचं तर आम्हाला फ्लॅट विकावा लागला असता. मग बँकेतल्या एका मैत्रिणीने तंजावूरच्या एका हॉटेलची रंगीत घडीपत्रिका आणून दिली. उदारीकरणाने आपल्याला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी ती घडीपत्रिका दाखवेन. आत लिहिलं होतं, मराठा राजासोबत शाही भोजन. राजा स्वतः तुमच्या टेबलावर येणार. सईला मी विचारलं, अस्वलाऐवजी राजा चालेल का? तिने थोडा विचार करून चालेल म्हणून सांगितलं.

नवऱ्याचं ऑडिट निघालं, म्हणून धाकट्या भावाला, निखिलला, बरोबर घेतलं. निखिल एकतिसाचा, कॉम्प्युटरवाला, पगार बापाच्या दुप्पट, आणि लग्नाचं नाव काढलं की कानात वायर घालून गाणी ऐकणारा. आईने स्टेशनवर मला बाजूला घेऊन बजावलं, "आठवडाभर तुझ्या तावडीत आहे. एक तरी मुलगी पाहायला कबूल करून आण." मी हो म्हटलं. आईला नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणून विसरणं सोपं जातं.

नाशिकहून मुंबई, मुंबईहून चेन्नई रेल्वेने, तिथून तंजावूरला बस. बसमध्ये व्हिडिओ असतो आणि तो बंद करता येत नाही, तेव्हा कापसाचे बोळे न्या. आम्ही बसस्टँडजवळच्या साध्या लॉजमध्ये उतरलो, कारण शाही भोजनाला शाही खोली घ्यावीच लागते असं नाही. सकाळी मोठं देऊळ पाहिलं. त्याबद्दल माझ्यापेक्षा शहाण्या लोकांनी लिहून ठेवलंय. मी एवढंच सांगेन की जाडे मोजे न्या. दहा वाजल्यानंतर त्या फरशीवर अनवाणी चालताना भक्तीबिक्ती काही सुचत नाही. दुपारी केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, ताक. वाढपी थांबत नाही, आपणच पान मिटायचं असतं. निखिलला ते उशिरा कळलं.

संध्याकाळी राजा.

हॉटेलच्या हिरवळीवर कनाती लावल्या होत्या. दारात सुपाएवढे कान असलेला फायबरचा हत्ती, सनईची कॅसेट, आणि वाढायला फेटेवाले वेटर. फेटा पुणेरी की कोल्हापुरी ते मला सांगता आलं नाही, बहुतेक कंत्राटदाराचा असावा. माणशी साडेतीनशे, लहान मुलांना अर्धे, राजाबरोबरचा फोटो वेगळा. जेवणात 'मराठा करी' नावाचा पदार्थ होता, तो महाराष्ट्रात कुठे मिळत असेल तर मला कळवा.

मग राजा आला. जरीचा अंगरखा, मोत्यांची माळ, कमरेला पत्र्याची तलवार, आणि डिंकाने चिकटवलेल्या गलमिशा. साठीचा, किडकिडीत, चष्मा काढून ठेवल्यामुळे टेबलांच्या कडा चाचपत येणारा. फ्रेंच पाहुण्यांसमोर त्याने मान लववली, एका चेन्नईच्या कुटुंबातल्या बाळाला आशीर्वाद दिला, आणि आमच्या टेबलापाशी येऊन थबकला, कारण सई मला म्हणत होती, "आई, याची मिशी सुटतेय."

"सुटूं दे, बाळ," राजा म्हणाला. "रसमची वाफ लागली कीं सुटतेच ती."

मराठी, पण सूर तमिळ, आणि शब्द पणजीच्या तोंडचे. माझा घास हातातच राहिला. सईने विचारलं, "तू खरा राजा आहेस?"

"नाहीं. मी पी. डब्ल्यू. डी.तून रिटायर झालों. राजा फक्त जेवणाच्या वेळेस."

नाव मुकुंदराव. राहणार तिरुवैयारु. पूर्वज मराठा राजांच्या काळात कारकून म्हणून आले ते इथलेच झाले. त्यांनी आमचं गाव विचारलं, आडनाव विचारलं, निखिलकडे बोट करून हा कोण ते विचारलं. "धाकटा भाऊ," मी म्हटलं. लग्न? नाही. नोकरी? सांगितली. गोत्र? कौशिक. "आमचें भारद्वाज," राजा समाधानाने म्हणाला. त्या सबंध चौकशीत मला वाटत होतं की हे सगळं पॅकेजमध्येच धरलंय. फ्रेंचांना मान लववायची, मराठी माणसांना गोत्र विचारायचं. वाचकहो, तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही. मुकुंदरावांना लग्नाची मुलगी होती, त्या भागात मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरलेली, आणि हा माणूस रोज मिशी चिकटवून मराठी पाहुण्यांच्या टेबलाशी उभा राहत होता तो जावई शोधायला.

"उद्यां शुक्रवार. चार वाजतां घरी टिफिनला या," ते म्हणाले. "आमची सुभद्रा कॉलेजांत केमिस्ट्री शिकवते. तिलाही मराठी ऐकायला बरें वाटेल." फुकटचा टिफिन, म्हणजे तिकडचं चार वाजताचं खाणं, आणि खोट्या राजाचं खरं घर. मी लगेच हो म्हटलं.

तंजावूर ते तिरुवैयारु टाऊन बस मिळते, भाडं किरकोळ, खिडकीची जागा धरा. वाटेत एकामागून एक पूल लागतात आणि प्रत्येक पुलाखाली वेगळी नदी. सई प्रत्येक वेळी विचारायची, हीच का कावेरी? कंडक्टरला एवढंच कळलं की पोरीला कावेरी हवीय, आणि खरी आली तेव्हा त्याने स्वतः येऊन तिला खिडकीबाहेर बोट करून दाखवली.

घर छोटं, दारात रांगोळी, ओटीवर पितळी दिवा. मिशीशिवाय मुकुंदराव अगदीच ओळखू येईनात, सई पाच मिनिटं त्यांच्याकडे संशयाने पाहत होती. त्यांच्या पत्नी नऊवारीत, पण नेसण तमिळ. आम्हाला सतरंजीवर बसवलं. शेजारच्या दोन बायका काही काम नसताना येऊन दाराला टेकून उभ्या राहिल्या. मग आतून सुभद्रा ताट घेऊन आली. रेशमी साडी, वेणीत गजरा. ताटात गोड सांजा आणि वाफाळती भजी. निखिलच्या पुढ्यात पहिली बशी तिने ठेवली. नंतर तिच्या आईने सांगितलं म्हणून कर्नाटकी संगीतातलं एक कीर्तन म्हटलं, खाली मान घालून, अतिशय सुरेल.

आता मी महाराष्ट्रात जन्मलेली, चार-पाच मुली पाहून आलेली बाई. हे मला कळू नये? पण खरंच सांगते, रेशमी साडी मला शुक्रवारच्या पूजेची वाटली, कारण तिथे बसमध्ये भाजी आणायला निघालेल्या बायकाही रेशमीत होत्या. गाणं वाटलं गावच्या रिवाजाचं, कारण तिरुवैयारुत दर तिसऱ्या घरातून तंबोरा ऐकू येतो. आणि पोहे नव्हते. पोहे असते तर मी उंबऱ्यातूनच ओळखलं असतं.

निखिलने सांजा दोनदा मागून घेतला. भजी संपवली. मुकुंदरावांना डिंकाऐवजी कोणता गोंद वापरावा यावर सल्ला दिला. सुभद्रेकडे त्याने मान वर करून एकदाही पाहिलं नाही. तसा तो कुणाकडेच पाहत नाही, बशीकडे पाहतो.

मी हात धुवायला मागच्या विहिरीपाशी गेले तेव्हा सुभद्रेने पाणी घातलं. "तुमचे भाऊ नेहमीं इतकें खातात, अक्का?" तिने विचारलं.

"घरचं मिळालं की."

"त्यांना कांही विचारायचें असलें तर विचारूं द्या. मी बोलते बरें, गाण्याहून."

"तो? फार तर सांज्याची कृती विचारेल," मी हसून म्हटलं. ती हसली नाही. तांब्या कठड्यावर ठेवून आत गेली.

निघताना मुकुंदराव फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "मग, कळवा." मी म्हटलं, "पोचलो की फोन करते, काका." बसमध्ये शेजारी येऊन बसली ती त्या दारातल्या दोघींपैकीच एक. तिने मोडक्या इंग्रजीत, निखिलकडे मान करून विचारलं, "बॉय लाइक गर्ल?" मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग तिने समजावून सांगितलं. आमच्याकडे मुलगी पाहायला येतात तेव्हा सांजा आणि भजी करतात, मुलगी गाते. बॉय आस्किंग सेकंड टाइम, व्हेरी गुड. सगळी गल्ली खूष आहे.

पुढचे सगळे पूल मी पाहिलेच नाहीत. मला भयंकर लाज वाटली. निखिलने कानातली वायर काढली. "म्हणजे मी मुलगी पाहून आलो?" तो म्हणाला. "पाहिली कुठे?" मी म्हटलं, "खाऊन आलास."

खोलीवर रात्रीपर्यंत आमचं एवढंच चाललं होतं की आता काय करायचं. नुसतं निघून जावं तर त्या घरात फोनची वाट पाहत बसणार. फोनवर सांगावं तर तोंड लपवल्यासारखं. घरी जावं तर गल्ली पुन्हा दाराला टेकून उभी राहणार. मुकुंदराव फोटो काढवून घेणाऱ्यांच्या गराड्यात सापडणार होते ते हॉटेलातच, आणि आत जायचा रस्ता एकच होता. शनिवारी आम्ही पुन्हा माणशी साडेतीनशे भरले. व्यवस्थापकाने दारात हात जोडले. दुसऱ्यांदा येणारे पाहुणे त्याला बहुधा आम्हीच.

मुकुंदराव आमच्या टेबलाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला उठून जावंसं वाटलं. मी उभी राहिले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. आम्हाला रिवाज ठाऊक नव्हता. आम्ही टिफिनला म्हणून आलो. आमची चूक. मला तुमची माफी मागायचीय. तेवढ्यात हॉटेलचा फोटोग्राफर आला आणि म्हणाला, "राजा, स्माइल." मुकुंदरावांनी एक हात सईच्या डोक्यावर ठेवला, दुसरा तलवारीच्या मुठीवर, आणि स्मित केलं. फ्लॅश होईस्तोवर ते तसेच उभे होते. मीही.

"सुभद्रेला कळलें होतें," फोटोग्राफर गेल्यावर ते म्हणाले. "तुम्ही फाटकांतून गेलां तेव्हांच म्हणाली, अप्पा, त्यांना ठाऊकच नव्हतें. मी म्हटलें, असूं दे, पाहूं." मग तमिळमध्ये, स्वतःशीच, "परवायिल्लै." म्हणजे चालायचंच.

आणि इथे माझा भाऊ, जो चारचौघांत पाणीसुद्धा मागत नाही, उठून उभा राहिला. "काका, मी शुक्रवारी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते बरं केलं नाही. त्यांची हरकत नसेल तर मला एकदा भेटायचंय. फक्त बोलायला."

मुकुंदरावांनी सुटू लागलेली मिशी बोटाने दाबली. मागच्या टेबलावरून कुणीतरी राजाला हाक मारत होतं. "तिला विचारतों," ते म्हणाले, आणि खिशातून नाही, अंगरख्याला खिसा नव्हता, वेटरकडून पेन्सिल घेऊन आमचा फोन नंबर कागदी रुमालावर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी आमची गाडी होती.

घरी येऊन तीन आठवडे झालेत. तुमच्यापैकी कुणी विचारेल, वेषधारी मंडळींबरोबर जेवणं परवडतं का? जेवण म्हणाल तर नाही, त्या पैशांत पानावरचं जेवण आठवडाभर मिळेल. पोरांसाठी म्हणाल तर सई अजून सगळ्यांना सांगते की तिचा राजा पी. डब्ल्यू. डी.तला आहे, आणि जावेच्या अस्वलाला तेवढं सांगता येणार नाही. जा म्हणेन मी. फक्त कुणी घरी बोलावलं तर का बोलावलं ते विचारून जा.

आईला मी सगळं सांगितलं होतं. ती रोज निखिलसह आमच्याकडे येऊन फोनच्या आसपास घुटमळत होती, निखिल घुटमळत नसल्याचं दाखवत होता. मुकुंदरावांचा फोन रविवारी आला.

"ती नको म्हणते, अम्मा. मुलगा चांगला आहे म्हणाली. पण दुसऱ्यांदा तो तिला पाहायला नाहीं, चूक भरून काढायला येतोय, आणि तसलें लग्न नको."

बाजूला निखिल उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला ऐकू येतंय.

"तुम्ही मनाला लावून घेऊं नका," मुकुंदराव सांगत होते, सावकाश, अगदी मऊ आवाजात. "मुलाला म्हणावें, यांत कमीपणा कांही नाहीं. योग नव्हता. दोन दिवस घरांत जरा जड जातें, मग जातें. त्याच्या आईला एकटें बसूं देऊं नका."

इतकं नीट, न अडखळता सांगायला हा माणूस ते किती मुलाकडच्यांकडून ऐकून शिकला असेल, ते मला फोन ठेवल्यावर उमगलं.