दोन अक्षरांची वही
अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, धाड गावातल्या आमच्याच घरात, लाईट गेलेली असताना.

काकांनी बुलढाण्याहून टीव्हीचा गेम आणला होता. त्यातली एक कॅसेट जपानी निघाली. ना गोळीबार, ना उड्या. नुसती चित्रं आणि खाली न कळणारी अक्षरं. चुलतभावांनी ती फेकून दिली, ताईने उचलली. कोणतं अक्षर दाबलं की दार उघडतं, कोणतं दाबलं की म्हातारा बोलतो, हे तिने महिनाभर चुकत चुकत शोधलं. ती आठवीत होती, मी सहावीत.

त्या मशीनच्या काही लक्षात राहत नसे. बंद करताना पडद्यावर अक्षरांच्या ओळी येत. त्या एका वहीत जशाच्या तशा उतरवायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायच्या, तरच खेळ पुढे. एक दिवस ती उतरवायची, एक दिवस मी.

ती वही काकांच्या हाती लागली.

"कोणाले चिठ्ठ्या लिहून राह्यली?"

"काका, गेमचं हाय ते."

"गेमले लिहा लागते काय? मले येडा समजते? हे पाय, दोन हातची दोन अक्षरं हायेत. एक तुहं. दुसरं कोनाचं?"

एकाने लिहायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, अशी चोरटी भाषा त्यांनी मनाशी पक्की केली.

"लाईट आली की लावून दाखोतो," ताई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही.

दुसरं अक्षर माझं होतं. मी दाराशी उभी होते आणि मी बोलले नाही. मार पडेल म्हणून. एवढंच कारण, यापेक्षा मोठं काही नाही.

वही पाणी तापवायच्या चुलीत गेली. अर्ध्या तासाने लाईट आली. मी गेम लावला. पडद्यावर रिकाम्या चौकटी आल्या, अक्षरं मागत होत्या. तिकडे काका आईला सांगत होते, पोरीले मामाकडे डोणगावले धाडा, शाळा पुरे झाली. ताई गेली. नववीचा वर्ग तिने पाहिलाच नाही.

काकांना मी दोष देते, जाहीर देते. पण त्यांना खरं माहीत नव्हतं. मला होतं.

तुमच्या घरात एखाद्या मुलीची वही आज कोणी हिसकावली असेल, तर ती आधी तिच्या हातात परत द्या आणि लाईट येईपर्यंत थांबा. आणि त्या वहीतलं दुसरं अक्षर तुमचं असेल, तर दाराशी उभे राहू नका. आत जा आणि सांगा.