शेजारी बसलेली ताई

नव्या गेममध्ये एकाच टीव्हीवर दोघींना खेळायची सोयच नाही, हे ताई नागपूरहून राहायला आल्यावर कळलं. लहानपणी अर्धा-अर्धा पडदा वाटून घेणाऱ्या आम्ही कंट्रोलर हातात धरून नुसत्या बसलो. आता म्हणे आपापल्या घरून ऑनलाइन खेळायचं. असा गेम कुणाला सुचतो, मला समजेना.

ताई परत गेली. रविवारी दुपारी आम्ही ऑनलाइन खेळू लागलो, तेव्हा हेडफोनमध्ये ती म्हणाली, "डावीकडून ये. आणि ऐक, मी नोकरी सोडलीय."

"इथे चार दिवस होतीस, तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस ना."

पडद्यावर तिची छोटी योद्धा माझ्याशेजारी उभी होती. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण कुठलं बटण दाबायचं ते कळेना.