पुढच्या गाडीची अक्षरं

काका गेले तेव्हा मी त्यांचंच औषध घ्यायला देवराज मोहल्ल्यातल्या दुकानात उभी होते. दुकानदार गोळ्या कागदी पिशवीत घालत होता, तेवढ्यात बाबांचा फोन आला. "औषध नको आणूस, पुट्टी," एवढंच म्हणाले. घरी पोचले तर काकांच्या हनुवटीला पट्टी बांधून झाली होती. काकू भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगत होती, "शेवटपर्यंत त्यांना काही कळलं नाही. विठ्ठलाने तेवढं केलं." बायका मान हलवत होत्या. मीही हलवली.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमची म्हैसूरमधली घरं पिढ्यानपिढ्या शिंपीकाम करणारी. मशीन सोडून सरकारी कचेरीत गेले ते काका एकटेच. घरची मराठी अर्धी कानडीच. लहान मुलीला कानडीत पुट्टी म्हणतात, तेच माझं नाव पडलं. शाळा इंग्रजी. तीन भाषा कानावर पडायच्या आणि मी एकीतही तोंड उघडायची नाही. "ही घुमी कुणावर गेली?" असं आजी सगळ्यांदेखत विचारायची. कचेरीत जाताना काका मला स्कूटरवरून शाळेत सोडत. पहिले काही दिवस तेही गप्प, मीही गप्प. मग एका सकाळी सिग्नलला थांबल्यावर त्यांनी मान न वळवता विचारलं, "पुढच्या दोन गाड्यांच्या पाट्या बघ. केए सगळ्यांचंच, ते सोड. बाकी अक्षरं कुठली?"

"बी, एच... पी, टी."

"चारही ज्यात येतात असा इंग्रजी शब्द सांग. मधे काहीही येऊ दे, क्रम कसाही असू दे. लांब शब्दवाला जिंकला."

पुढचा सिग्नल येईपर्यंत मी विचार करत होते. मग त्यांच्या पाठीला म्हटलं, "अल्फाबेट."

"अल्फाबेटिकल," काका म्हणाले.

"अय्यो, शेपूट लावलंत! ही चीटिंग."

"शेपूट चालतं. एवढी इंग्लिश मीडियमची फी भरतो तुझा बाप, शेपूट नाही शिकवलं?"

शाळेच्या फाटकाशी उतरले तेव्हा मी हसत होते, असं काकूला त्यांनी संध्याकाळी सांगितलं म्हणे. मग दहावीपर्यंत रोज हेच. मी एक शब्द काढायचा, त्यांनी त्याहून लांब काढायचा. एकदा मी विचारलं, आपल्याच स्कूटरची अक्षरं का नाही घ्यायची? ते म्हणाले, "आपली पाटी आपल्याला कुठं दिसते? ती मागच्याला दिसते. आपण पुढच्याची वाचायची." तो नियमच झाला. आमच्यात दुसरं बोलणं फारसं झालं नाही. मार्क, मैत्रिणी, पुढे नोकरी, यातलं त्यांनी कधी काही विचारलं नाही. तरी घरात माझं सगळ्यात जास्त बोलणं झालं असेल ते त्यांच्याशीच... तेही त्यांच्या पाठीशी.

काकांचं पोट दुखायला लागलं, वजन उतरलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर आम्हाला सांगितलं तेव्हा काका आत झोपले होते. बंगळुरूहून आलेला त्यांचा मुलगा, सुहासदादा, तिथंच म्हणाला, "अप्पांना यातलं काही सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं." काकूने हात जोडले, "ऐकलं तर उद्याच जातील ते." दिवसा त्यांच्याजवळ कोण बसणार, हा प्रश्न निघाला. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. पण खरं कारण दादाने हसत सांगितलं, "पुट्टीच बरी. बाकीचे बोलून बसतील. हिच्या तोंडातून काही निघायचं नाही." त्या खेळाची आठवण कोणालाच झाली नाही. मलाही नाही.

काकांच्या खाटेवरून खिडकीत फक्त आकाश दिसायचं आणि एका नारळाचा शेंडा. एके दुपारी डोळे मिटूनच ते म्हणाले, "खाली दोन गाड्या उभ्या आहेत. एम, एल. जी, एन."

पार्किंग इमारतीच्या पलीकडच्या बाजूला होतं. तरी मी उठून खिडकीपर्यंत गेले. शब्द लगेच आला होता, तोच, बाकावर डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेला. मी दुसरा शोधला.

"एनलाइटनमेंट," मी म्हटलं.

ते खूश झाले, खरंच खूश झाले. "भले! यापेक्षा लांब मला नाही जमणार. जिंकलीस." मग म्हणाले, "आता याच अक्षरांचा आखूड सांग."

"आखूड कुठं असतो आपल्या खेळात?"

"आज आहे." त्यांनी डोळे उघडले. "पुट्टी, मला ह्या सगळ्यांना विचारता येत नाही. विचारलं की रडतात. तू नाही रडणार."

मी पुन्हा खिडकीकडे वळून त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. इतकी वर्षं मी त्यांच्या पाठीशी बोलले, त्या दिवशी ते माझ्या पाठीशी बोलत होते. खाली गुलमोहराखाली कोणीतरी डबा उघडून जेवत होतं.

"मॅलिग्नंट," मी म्हटलं.

"गोत्तायतु," काका म्हणाले. कळलं. नंतर पाणी मागितलं. मी चमच्याने पाजलं. मी कप खाली ठेवत होते तेव्हा ते म्हणाले, "काकूला सांगू नकोस मला कळलंय ते. तिला तेवढाच आधार आहे."

दोनच दिवसांत त्यांनी हट्ट करून घरी न्यायला लावलं. ऊन येणाऱ्या खोलीत खाट टाकली. काकू बरं झाल्यावर तिरुपतीला जायच्या गोष्टी काढायची, आणि काका विचारायचे, "बसने की ट्रेनने?" ट्रेनच बरी, असं दोघांचं ठरलं. ती स्वयंपाकघरात गेली की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला पुन्हा अक्षरं घातली नाहीत. एकदा मीच विचारलं तर म्हणाले, "सुम्ने बस गं." नुसती बस. मी बसले.

हा लेख इथवर लिहून झाल्यावर, पाठवण्याआधी काकूला वाचून दाखवावा असं ठरवलं. तिच्या नकळत तो छापून येणं मला जमणार नव्हतं. ती शेंगा निवडत होती. वाचत वाचत हॉस्पिटलातल्या त्या खिडकीपर्यंत आले आणि थांबले. "वाच की," ती म्हणाली. वाचलं. तिचे हात थांबले नाहीत. शेवटी तिने विचारलं, "ट्रेनच बरी म्हणाले, तेव्हा माहीत होतं त्यांना?"

"हो."

"आणि तुलाही माहीत होतं, त्यांना माहीत आहे ते."

"हो."

"मला एकटीला बसवलंत तिरुपतीच्या गाडीत," काकू म्हणाली आणि शेंगांचं ताट उचलून आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. लेख पाठवू नको मात्र म्हणाली नाही.

स्कूटर अंगणातच आहे, पाठ घराकडे करून. बाहेर पडताना तिची पाटी आधी दिसते आणि सवयीने डोकं अक्षरांना लागतं. मी नजर काढून घेते. काल सकाळी काकू ओल्या फडक्याने ती पाटी पुसत होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मागे न बघता तिने विचारलं, "ह्या अक्षरांचा कुठला शब्द होतो गं?"

"आपल्या गाडीची घ्यायची नाहीत काकू. नियम होता."

"सरी, बरं," ती म्हणाली आणि पुसत राहिली. पाटी केव्हाच स्वच्छ झाली होती.