दक्षिणेचं दार

नवरा गेल्यापासून मी चार महिने निमोण्याला थोरल्या मुलाकडे आणि चार महिने दौंडला धाकट्याकडे राहत होते. भांडण कुणाशीच नव्हतं. पिशवी भरायची आणि रिकामी करायची, याचाच कंटाळा आला होता. दोन्ही घरांत माझी चप्पल कुणीतरी पायाने बाजूला सरकवायचं. माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र मी लिहून दिलं नाही, म्हणून भाऊ बोलत नाही. पण जमीन विकल्यावर माझ्या वाट्याचे पैसे बँकेत आले होते. त्यातून स्वतःचं एक दार घ्यावं, एवढंच मनात होतं.

धाकटा कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो म्हणाला, "आई, हितं एक जुनी चाळ विकायला हाय. पाच खोल्या. एकीत तू राहा, बाकीच्या भाड्यानं दे. कामगार खोल्या हुडकत फिरत्यात."

बघायला गेलो. वर गंजलेला पत्रा, भिंतींचा गिलावा सुटलेला. चाळ अगदी रस्त्याला लागून, पण रस्त्याकडे नुसती पाठ. एकही दार नाही. मालक माझ्याच वयाचे. मी विचारलं, "आबा, दारं कुठायत?"

"मागनं. रस्ता दक्षिणंला पडतो. वडील म्हणले, यमाच्या दिशेला दार नको. मग समदी उत्तरंला काढली."

मागे जायला चाळीला वळसा घालून बोळात शिरावं लागतं. समोरून माणूस आलं तर एकाने मागे फिरायचं. पाचही मोऱ्यांचं पाणी तिथंच साचलेलं, ऊन नाही, सगळं शेवाळ. टोकाच्या आधीच्या खोलीतली बिहारची बाई बादली घेऊन भिंतीला धरून चालली होती. मला म्हणाली, "अम्मा, पकड़ के चलना. मैं दो बार गिरी."

"मालक को बोली नहीं?"

"बोली थी. बोले, इधर से लक्ष्मी आती है."

"आयी क्या?"

"वो भी फिसल गई होगी."

धाकटा म्हणाला, दारं रस्त्याकडे फोडू. आबांनी मान फिरवली. "इकल्यावर काय बी करा. माझ्या डोळ्यांदेखत नको."

पुढच्या खेपेला गवंडी आणला. त्याने हातोडीच्या दांड्याने भिंतीवर ठोकलं, तर गिलाव्याचा पापुद्रा खाली आला. आत मातीत रचलेल्या विटा. "मावशी, ह्या भिंतीत पाच दारं पाडली तर पत्र्यासकट अंगावर यील. समदी उतरवा आन् नव्यानं बांधा."

धाकट्याला हुरूप आला. स्लॅब टाकू, वर मजला चढवू.

"तवर मी कुठं राहू?" मी विचारलं.

"हाय की आमच्याकडं. चार-चार महिने."

मी गवंड्याकडे वळले. "आन् एकच दार पाडलं तर?"

"एक बसंल. टोकाच्या खोलीला."

नंतर एकटीच एसटीने आबांकडे गेले. ती टोकाची खोली तेव्हा रिकामीच होती. म्हटलं, "चाळ नको. तेवढी खोली भाड्यानं द्या. रस्त्याकडं दार मी माझ्या खर्चानं पाडते."

आबा म्हणाले, "मालकीण व्हायला आलता आन् भाडेकरू होताय व्हय?"

"व्हय."

"आन् यमाचं काय?"

"म्हातारी माणसं आपण, आबा. त्याला तरी वळसा कशाला?"

आबा हसले नाहीत. पण हो म्हणाले.

धाकटा चिडला. "दोन ल्योक असून आई भाड्यानं राहती. लोक काय म्हणत्याल?"

"लोकांना म्हणावं, पिशवी तुम्ही उचला."

आता दार झालं. ट्रकांची धूळ सरळ आत येते, पत्रा दुपारी तापतो. शेजारची बिहारची बाई बोळ टाळायला बादली घेऊन माझ्याच खोलीतून, मागच्या दाराने पुढच्या दाराला, ये-जा करते. स्वतःचं दार हवं होतं, त्याचा असा रस्ता झाला. तिच्या पायात येऊ नये म्हणून माझी चप्पल मीच बाजूला ठेवते. पिशवी मात्र खुंटीला आहे, रिकामी.

आबा भाडं घ्यायला येतात ते मागून, वळसा घालून. परवा शेवाळावर घसरले, हात खरचटला. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "पुढनं येत जावा की."

हात झटकत म्हणाले, "अजून येळ हाय."