बर्फातल्या काठ्यांचा स्टँड

सोलापुरात बर्फ दोनच ठिकाणी भेटतो, गोळ्याच्या गाडीवर आणि लग्नात सरबताच्या पिंपात. तरीही गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायच्या सहा काठ्या माझ्याकडे आहेत, आणि त्या आमच्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा, भिंतीवर आडव्या विसावल्या आहेत. आमच्या घराची पायरी आजवर अंडंसुद्धा चढलेलं नाही, त्या घरात हे घडलं. हे लिहिताना मला जो आनंद होतोय तो लपवायचा माझा अजिबात विचार नाही. लपवाछपवी पुष्कळ करून झाली.

माझं माहेर मैंदर्गीजवळच्या वस्तीवरचं. शेतात मोठी विहीर, तिला आतून पायऱ्या. लहानपणी दुपारी सगळे आडवे झाले की मी खालच्या पायरीवर जाऊन बसायची आणि दोऱ्याला कणकेची गोळी बांधून पाण्यात सोडायची. मासा गोळी ओढायचा, दोरा बोटावर थरथरायचा, मग गोळीही जायची आणि मासाही. मासा खाण्याचा तर प्रश्नच नव्हता. विहिरीतले मासे पाणी साफ ठेवतात म्हणून आमच्याकडे त्यांना कुणी हात लावत नसे. मला हवी असायची ती फक्त बोटावरची थरथर. पुढं लग्न झालं, सोलापूरला आले, शाळेत जन्मभर भूमिती शिकवली, निवृत्त झाले, आणि एक दिवस माहेरी त्याच पायरीवर बसल्यावर लक्षात आलं की ती थरथर मला अजून हवी आहे.

तशातच मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. कुठल्या तरी थंड देशात तळं गोठलेलं, त्यात घमेल्याएवढं भोक, भोकाशेजारी स्टुलावर कानटोपी घातलेला माणूस आणि त्याच्या हातात हातभर लांबीची काठी. दोरा सरळ खाली. मला तर ती आमची विहीरच दिसली! विहिरीत लांब काठी काय कामाची, समोरच्या भिंतीला आपटेल. इथं पाहिजे ती असली बुटकी. शिवाय बुटकी काठी भाजीच्या पिशवीत बसते आणि सासूबाईंना दिसत नाही. खरं सांगायचं तर हे दुसरं कारणच जास्त वजनदार होतं.

काठी आली ती ऐन उन्हाळ्यात. खोक्यावर बर्फ, अस्वलासारखा कोट घातलेला माणूस. नवऱ्यानं खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "आता बर्फ कधी मागवतेस?" त्याचं औषधाचं दुकान आहे. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर तो काही ना काही देतो, फक्त आई आणि बायको यांच्या भांडणावर त्याच्याकडे औषध नाही, असं तो स्वतःच सांगतो.

एका काठीच्या मागून दुसरी आली, दुसरीच्या मागून तिसरी. साड्या घेणाऱ्या कुणाही बाईला हे समजावून सांगायला नको. एक मऊ, छोट्या माशासाठी, एक ताठ, एकीचं रीळ गोड फिरणारं. मी गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकायची, म्हणजे मासा अलगद सुटतो. धरायचा, एकदा बघायचा, पाण्यात सोडायचा. पण ह्या सगळ्या काठ्या एकत्र ठेवल्या की त्यांचे दोरे एकमेकांत असे गुंतायचे की माहेरी पोचल्यावर अर्धा दिवस पायरीवर बसून मी मासे नाही, गाठी धरत असायची.

आणि ठेवायच्या तरी कुठं? इथं मी डोकं चालवलं. माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक बोचकं असतं, शेवया वाळवायच्या काठ्यांचं. शेवया व्हायच्या होळीनंतर, तोवर त्या बोचक्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. काठ्यांत काठ्या घातल्या, वरून धोतर गुंडाळलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका.

मग नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं, तेही लवकरचं. रुखवताला शेवया पाहिजेत, म्हणून सासूबाईंनी होळीची वाट न बघता मुलाकडून बोचकं खाली काढून घेतलं. मी तेव्हा भाजी आणायला गेले होते. परत आले तर सासूबाई स्वयंपाकघरात मधोमध उभ्या, इरकली साडीच्या पदराला गळ अडकलेला, गळाला दोरा, दोऱ्याच्या टोकाला सहाच्या सहा काठ्यांचा गुंता.

"यव्वा! इदेनव्वा?" त्या ओरडल्या. रागावल्या की त्या आधी कानडीत रागावतात. हे काय म्हणून त्या विचारत होत्या, पण काय ते त्यांना दिसतच होतं.

मी गळ सोडवला. पदराचा एक धागा ओढला गेलाच. त्या पाटावर बसल्या आणि मग मराठीत आल्या.

"मासं धरतीस तू?"

"धरते आणि सोडते. खात नाही."

"खायाचं न्हाय तर धरायचं कशाला?"

मी गुंत्यातली एक काठी सोडवायला लागले.

"माज्या शेवयाच्या काठ्या सगळ्या बाटवल्यास की गं! त्या दे फेकून. आनि ह्या तुज्या," त्यांनी बोट दाखवलं, हात लावला नाही, "शेवयाच्या दिवशी सांजच्याला ह्या घरात दिसल्या न्हाय पायजेत. कुटं न्ह्यायच्या तितं ने."

नवऱ्याकडं बघितलं तर तो दुकानाची किल्ली शोधत होता. ती त्याच्या हातातच होती.

राग मला लवकर येतो आणि उशिरा जातो. दोन दिवस मी भांडी आपटत होते. काठ्या भावाकडं नेऊन ठेवणं सोपं होतं. पण एकदा त्या घराबाहेर गेल्या की मीही हळूहळू जायची बंद होणार, हे मला माझ्यापुरतं पक्कं माहीत होतं. नोकरीत, संसारात मी असल्या पुष्कळ गोष्टी पाहुण्यासारख्या दारापर्यंत पोचवून आले होते. ही पोचवायची नाही, असं ठरवलं. आणि दुसरं ठरवलं ते हे, की आता लपवायचं नाही. काठ्यांना घरात उघड्यावर, नीटनेटकी, शोभेल अशी जागा करायची. गुंता नाही, गळ उघडा नाही. मग कोण काय बोलतं ते बघू.

आधी मी प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे बादलीत उभे केले आणि त्यात काठ्या खोचल्या. एक काढली की बाकीच्या सोबत यायच्या. मग फळीला खिळे मारले, त्यावर काठ्या टेकवल्या, पाय आपटला तरी खाली यायच्या. तेव्हा मला भूमिती आठवली. जुन्या पलंगाची सागवानी फळी होती. तिच्या बरोबर मधून, लांबीच्या दिशेनं एक रेघ ओढली. त्या रेघेवर सारख्या अंतरानं भोकं पाडली, शेजाऱ्यांचं ड्रिल मागून आणून. आणि मग रेघेवरून करवतीनं फळी उभी चिरली. चिरता चिरता हाताला फोड आले, खांदा भरून आला, नवरा म्हणाला सुताराला बोलवू, मी म्हटलं बोलवून बघ. फळी दुभंगली तेव्हा दोन्ही तुकड्यांच्या काठावर अर्धगोल खाचा तयार, एका तुकड्यावरच्या दुसऱ्याशी तंतोतंत जुळणाऱ्या. वर्गात शंभरदा फळ्यावर काढलेली आकृती, पण हातात धरता आली ती पहिल्यांदा. मी अंगणात एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग पॉलिश पेपरनं घासलं, दोन्ही तुकडे खाचा वर करून चौकटीत समोरासमोर बसवले, काठी दोन्हींवर आडवी टेकेल असे, खाचांत जुन्या स्लिपरचं रबर कापून चिकटवलं. प्रत्येक काठीच्या मुठीवर रबराचा एक तुकडा, गळ त्यात टोचून ठेवायला. चौकट टेबलावर ठेवता येईल, भिंतीवर टांगताही येईल अशी. शेवयाच्या दिवशी सकाळी ती तयार होऊन जिन्यात उभी होती, अजून रिकामी. काठ्या खोलीत पिशवीत होत्या. शेवया आटोपल्यावर मी त्या मांडणार होते आणि मग जे व्हायचं ते होणार होतं.

वर गच्चीवर शेवयाचं यंत्र खाटेला आवळलं होतं. नणंद दांडा फिरवत होती, मी शेवया काठीवर उतरवून घेत होते, आणि सासूबाई दोन खुर्च्यांच्या पाठींवर नव्या काठ्या मांडत होत्या. काठ्या नव्या, गुळगुळीत. खुर्च्या प्लास्टिकच्या, हलक्या. वारं सुटलं आणि काठ्या घरंगळत एकमेकींवर आल्या. ओल्या शेवया चिकटल्या. सासूबाईंनी त्या सोडवल्या, पुन्हा मांडल्या, पुन्हा घरंगळल्या. एक काठी खाली धुळीत पडली. रुखवताच्या शेवया! त्यांचे डोळे भरून आले. ऐंशीच्या घरातल्या बाईला तसं बघणं मला जमत नाही, भांडण असलं तरी.

त्या जिना उतरायला लागल्या, दोरी आणायला. आणि मधेच पावलं थांबल्याचा आवाज आला. मी वाकून बघितलं. त्या माझ्या स्टँडसमोर उभ्या होत्या. खाचेत बोट घालून बघत होत्या, मग शेजारच्या खाचेत, मग समोरच्या.

"ह्ये नवं हाय का?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"आजच झालंय."

"त्या तुज्या हितं ठेवल्यास का न्हाय अजून?"

"अजून नाही."

"मग वर घे की! बघत काय ऱ्हायलीस?"

मी उतरून स्टँड उचलला आणि तो पोटाशी धरून पायरीवर तशीच उभी राहिले. वर शेवया चिकटत होत्या, नणंद हाका मारत होती. पण मी शिक्षिका आहे, योग्य वेळ मला कळते.

"देते," मी म्हटलं. "पण मग माझ्या काठ्या घरात राहणार. उघड्यावर. जिन्यात."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता कानडी येणार.

"सोडतीस नव्हं खरंच? मासं?"

"तुमची शप्पथ."

"माजी कशाला घेतीस? तुजी घे." आणि मग, "ऱ्हाऊ दे जिन्यात. देवघराच्या भिंतीला नगं. आनि ह्यो माजा. तू तुला दुसरा कर."

त्या दिवशी गच्चीवर माझ्या खाचांत शेवयांच्या काठ्या रांगेनं बसल्या. वारं आलं, गेलं, एकही काठी हलली नाही. नणंद म्हणाली, वैनी, असला मला पण पाहिजे. मी हो म्हटलं आणि दोनदा म्हटलं. दुपारभर माझे पाय जमिनीवर नव्हते. माझ्यासाठीचा दुसरा स्टँड मी त्याच आठवड्यात केला. फोड आलेल्या हातांनी केला आणि मजेत केला.

लग्नाला मैंदर्गीकडच्या एक जुन्या पाहुण्या आल्या होत्या, सासूबाईंच्या वयाच्या, त्यांच्याहून कडक. जिना चढताना त्या भिंतीपाशी थांबल्या. मी खालच्या पायरीवर चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

"ह्ये काय गं?" त्यांनी विचारलं आणि हात पुढं केला.

"गळ हायत. बर्फावरचं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सुनंचं. हात नगा लावू, लई मेहनतीनं लावल्यात."