अंगठा कापून पुन्हा पाठव

मॅडमनं माह्या पेपरचं पहिलं पान सगळ्या वर्गाले स्क्रीनवर दाखवलं. मंग कोपरा मोठा केला. अजून मोठा केला. माहं अक्षर स्क्रीनच्या बाहेर गेलं अन् राहिला फक्त एक अंगठा. काळपट, फुटलेला, नखाच्या कडेनं लाल.

"बाळा, हे काय आहे?"

आवाज एकदम गोड. मॅडमचा आवाज नेहमीच गोड राहते.

मी माइक चालू केला. "अंगठा आहे, मॅडम."

"ते दिसतंय मला. कोणाचा आहे?"

"आईचा."

"आता तुम्ही लोक अंगठा लावून पेपर देणार का?" मॅडम हसल्या. "आणि लावायचाच होता, तर निदान हात तरी धुवून घ्यायचे."

सगळ्यांचे माइक बंद होते, म्हणून हसण्याचा आवाज आला नाही. पण बाजूच्या पट्टीत हसणारे तोंडं यायले लागले. एकाखाली एक, एकाखाली एक. ज्यांचे कॅमेरे चालू होते त्यांचे दात दिसले. अन् मी काय म्हटलं? मी "सॉरी मॅडम" म्हटलं.

तुम्ही लोक. म्हणजे कोण लोक, हे वर्गात कोणाले समजावून सांगाची गरज नव्हती. स्कॉलरशिपची यादी मॅडमच वाचून दाखवत, आडनावासकट, सावकाश. माह्या आजोबानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या घरात कोणी कोणापुढं वाकत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आली. अन् मी एका फोनसमोर मान खाली घालून बसली होती.

इअरफोन तुटला होता. आवाज सगळ्या खोलीत घुमला. माय माह्या मागं बसून कणीक मळून राहिली होती. तिनं सगळं ऐकलं. तिचा हात परातीत थांबला, मंग पुन्हा चालू झाला. 

तो अंगठा तिथं कसा आला ते सांगते. त्या उन्हाळ्यात कॉलेजची इमारत निवडणुकीच्या कामात गेली, म्हणून शेवटच्या सेमिस्टरची अंतर्गत परीक्षा घरूनच द्यायची ठरली. कागदावर उत्तरं लिहाची, एकेका पानाचा फोटो काढाचा, सगळे फोटो जोडून एक पीडीएफ कराची अन् वेळ संपायच्या आत कॉलेजच्या लिंकवर टाकाची. ज्याच्या घरी टेबल आहे, खिडकी आहे, वायफाय आहे, त्याले काय, खेळच आहे. आमची एक खोली. वर टिनं. पंखा बंद केला तं घाम टपकून शाई पसरते, चालू ठेवला तं पान उडते. उजेड फक्त दारात. दारात, फरशीवर पान ठेवलं. माय म्हणाली, "मी धरते वं, तू काढ फोटो." तिनं कोपऱ्यावर अंगठा दाबला. प्रत्येक पानाले दाबला. ॲपनं आपोआप पानाभोवती निळी चौकट लावली, त्या चौकटीत अंगठ्याचा शेंडा आला. वेळ संपत होता, नेट अडकून राहिलं होतं. मी पाह्यलं अन् तशीच पाठवली. उत्तरं तं सगळी दिसत होती. एका अक्षरावरही अंगठा नव्हता.

माय कळमन्याच्या बाजारात मिरची खुडते. देठ तोडाचे, चांगली एकीकडे, पांढरी पडलेली एकीकडे. दिवसभर बसून तेच. बाबा गेल्यापासून आमचं घर त्या देठांवर चालते. मिरची बोटाच्या भेगांत जाऊन बसते अन् साबणानं निघत नाही. लय आग झाली की ती ओल्या फडक्यात हात गुंडाळून झोपते. मॅडमच्या घरच्या वरणाले जी फोडणी बसते, तिच्यातली मिरची काय देठासकट झाडावरून थेट कढईत पडते? कोणाचे तरी हात लागलेच असतीन ना. अन् अंगठा लावाची गोष्ट कोणाले सांगता? माही माय सातवी शिकली. सही करते, पूर्ण नावानं, वळणदार. मॅडमनं विचारलं असतं तं मी सांगतलं असतं. पण विचारलं कोणी?

क्लास संपला अन् मॅडमनं ते पान वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, "पीडीएफ कशी करू नये." पानावर माहं नाव, रोल नंबर, सगळं तसंच. मले वेगळा मेसेज आला. "अंगठा कापून पुन्हा पाठव. उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर पेपर तपासला जाणार नाही." तपासला नाही तं अंतर्गत मार्क नाही. मार्क नाही तं डिग्री नाही. आमच्या घरात डिग्री घेणारी मी पहिली. माय बाजारात सगळ्या बायांले सांगून बसली होती की या साली माही पोरगी ग्रॅज्युएट होते.

संध्याकाळ व्हायच्या आत कोणीतरी त्या पानावरचा अंगठा कापून त्याचं स्टिकर केलं. मॅडमनं ग्रुपवर टाकलं, उद्याचा क्लास अकराले. त्याच्याखाली एका पोट्ट्यानं "ओके" म्हणून माह्या मायचा अंगठा लावला. मंग दुसऱ्यानं. मंग पोरींनी पण. माह्या मायचा अंगठा, जो तिनं माह्यासाठी उन्हात वाकून दाबून धरला होता, तो त्या सगळ्यांच्या हो ले हो म्हणाले कामी आला. मॅडमनं कोणाले रागावलं नाही. एक हसणारं तोंड टाकलं.

आमच्याच वस्तीतली एक मैत्रीण वर्गात होती. तिनं फोन केला. "मनावर नोको घेऊ वं. चार दिवसात विसरतीन सगळे."

मनावर नाही घेऊ तं कुठं घेऊ? मी फोन ठेवला.

मले वर्ष वाया घालवाचं नव्हतं. मी ॲप उघडलं, पहिलं पान घेतलं, चौकटीचा कोपरा बोटानं आत ओढाले लागली. थोडंसंच ओढाचं होतं. अंगठा गेला असता, पान राह्यलं असतं, मार्क मिळाले असते. तेवढ्यात बाहेर नळावर खसखस आवाज आला. गेली तं माय उकिडवी बसली होती. एका हातात विटेचा तुकडा, बाजूले कपडे धुवाची पावडर. अंगठा घासून राहिली होती. कातडी निघाली होती. भेगांतली मिरची पाण्यानं जागी झाली होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, तरी ती घासतच होती.

"काय करून राहिली वं माय?"

"उद्या तुहा दुसरा पेपर हाय ना. हात साफ करून राहिली."

"काहून?"

"धराचा नाही काय पेपर? अन् नाही निघालं ना, तं मी वरवंटा ठेवीन कोपऱ्यावर. माहा हात नाही येऊ देत फोटोत. तू काळजी नोको करू."

माह्या डोक्यात काय झालं ते मले सांगता येत नाही. राग म्हणा, पण राग तं मले आधीही येत होता, रोज येत होता, कॅन्टीनमध्ये, ऑफिसच्या खिडकीवर, अन् मी तो गिळत होती. हा गिळता आला नाही. ज्या हातानं मले जेवू घातलं, तो हात एका बाईच्या एका वाक्यानं माह्या मायले घाण वाटाले लागला. स्वतःचाच हात. मी तिच्या हातातून वीट हिसकली अन् नाल्यात फेकली. नळ बंद केला. ती मले शिव्या देऊन राहिली होती, नवी पावडर सांडली म्हणून. मी आत येऊन ॲप बंद केलं. कापलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरले ती कोपऱ्यावर वरवंटा ठेवाले आली. मी म्हटलं, हातानं धर. ती नाही म्हणे. मी म्हटलं, हातानं धरशीन तरच पेपर पाठवीन, नाही तं जाऊ दे वर्ष. ती घाबरली, तिनं धरला. सगळ्या पानांवर अंगठा आला, घासून सोललेला. तो पेपर दुसऱ्या सरकडे गेला. सरनं तपासला, मार्क दिले, एक शब्द बोलले नाही. म्हणजे नियमाची गोष्ट नव्हतीच.

मॅडमले मी लिहिलं. "मॅडम, अंगठा कापणार नाही. उत्तरे स्पष्ट दिसतात. पेपर तपासा. नाहीतर अंगठा दिसला म्हणून तपासला नाही, असे मला लिहून द्या." दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

निकालात त्या विषयापुढं लिहून आलं, गैरहजर. मी पेपर लिहिला, सगळ्या वर्गानं तो पाहून पोटभर हसून घेतलं, अन् मी गैरहजर.

मंग मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. पोच मागितली तं कारकून मले वरपासून खालपर्यंत पाहत राह्यला. मी खिडकीवरून हलली नाही, त्यानं शिक्का मारला. पुष्कळ चकरा झाल्या तेव्हा आत बोलावलं. मॅडम खुर्चीवर. प्राचार्य सर खुर्चीवर. तिसरी खुर्ची रिकामी होती, पण मले कोणी बस म्हटलं नाही. टेबलावर माह्या नावाचा कागद तयार होता, टाइप केलेला. त्यात लिहिलं होतं: तांत्रिक चुकीमुळे माझी फाईल सदोष गेली होती. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

"सही कर," सर म्हणाले. "मार्क आजच भरून टाकतो. तुझंच भलं आहे यात."

"अगं, मी गंमत केली होती, बाळा," मॅडम म्हणाल्या. "मी तुम्हा सगळ्यांना आपल्या मुलांसारखं समजते. आणि ते पान काढलं ना ग्रुपवरून."

कॉलेजात मी तीन वर्षं पुस्तकातल्यासारखं बोलायची. तोंडातून मले, तुले निघू नये म्हणून आधी मनात वाक्य जुळवायची. त्या दिवशी घरची बोली तोंडात आली अन् मी ती अडवली नाही.

"कुठं काढलं, मॅडम? सगळ्यांच्या फोनात आहे ते. तुमच्या पोरांनी त्याचं स्टिकर केलं. ते आता तुम्हाले परत आणता येते काय? गंमत तुम्ही ग्रुपवर केली, तं माफी पण ग्रुपवरच मागा. मले नोको. माह्या मायले मागा, तिच्या नावानं."

मॅडमचा चेहरा उतरला. सर म्हणाले, "आवाज खाली. स्टाफची काही इज्जत असते."

"अन् माह्या मायची?"

सर फाईल चाळाले लागले. मी कागद तिथंच ठेवला, बिनसहीचा, अन् निघून आली.

घरी सांगतलं तं माय कपाळाले हात लावून बसली. "सही करून टाकाची होती वं. माह्या अंगठ्याचं काय घेऊन बसली? तू पास हो. मले काही नाही वाटत."

"तुले नाही वाटत, माय. मले वाटते."

"तुह्या वाटण्यानं पोट भरते काय?"

तिचंही खरं आहे. विमानतळापाशी मिहानमध्ये कंपन्या आहेत, तिथल्या एका ऑफिसातून मले बोलावणं आलं होतं. मार्कशीट मागितली, माह्यापाशी नव्हती, ती नोकरी गेली. सध्या मी मायसंगं मिरची खुडाले जाते. माय माह्याशी धड बोलत नाही. बाया विचारतेत, पोरगी ग्रॅज्युएट होणार होती ना, अन् ती तोंड फिरवते. माह्यामुळं तिले रोज खाली पाहावं लागते, हे मले दिसते. त्याचा जळफळाट वेगळाच आहे. तरी मी तिचं ऐकणार नाही. तिले काही वाटत नाही, कारण तिले काही वाटू शकते हे आजवर कोणी धरलंच नाही. आता मी धरलं आहे.

विद्यापीठात अर्ज दिला आहे. त्यांनी नाही ऐकलं तं पुढं जाईन, मंग त्याच्या पुढं. मले मार्क भीक म्हणून नोको. माहा पेपर तपासून पाहिजे, जसा आहे तसा. अन् माफी पाहिजे, लेखी, जिथं हसले तिथंच, जे हसले त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मॅडम रिटायर होवोत, सर बदलोत, माहं एक वर्ष जावो का चार जावो. त्या कागदावर माही सही मिळणार नाही.